कारभारी नावाचा मालक

सोनईत कारभारी दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांचं नावच कारभारी आहे ते. दुसरे, ज्यांच्या बायका त्यांना कारभारी म्हणतात ते, म्हणजे झाडून सगळे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायका 'आमचं कारभारी मळ्यात गेल्यात' असं सांगतात आणि निभावून नेतात. पण कारभारी एकनाथ येळवंडे यांच्या बायकोची, रतनबाईंची, लग्नाच्या दिवशीच पंचाईत झाली. जो शब्द नाव टाळायला वापरायचा तोच नेमका नवऱ्याचं नाव निघाला. मग त्यांनी 'मालक' हा शब्द धरला आणि एकतीस वर्षं सोडला नाही.

कारभारींना तो शब्द फार मानवला. घरात बायको मालक म्हणते, म्हणून गडी मालक म्हणायला लागले, गडी म्हणतात म्हणून भाडेकरू, आणि शेवटी एस.टी.चे कंडक्टरसुद्धा 'मालक, मागं सरका' असं म्हणू लागले. माणूस सातवी पास, धोतर पांढरं, टोपी त्याहून पांढरी, आणि खिशाला झाकण असलेलं पेन. हे पेन दाखवायचं नव्हतं. त्यानं ते दावे लिहायचे.

कारण कारभारींची गावात ओळख होती ती ही, की त्यांनी जन्मात वकील लावला नाही. नेवाशाच्या कोर्टात त्यांचे तीन दावे होऊन गेले आणि तिन्ही त्यांनी स्वतः चालवले. बांधावरच्या लिंबाच्या दाव्यात तर ते पाऊण तास बोलले. लिंब कुणी लावला, कधी लावला, त्या साली पाऊस किती होता, लावणाऱ्या आजोबांचा स्वभाव कसा होता, सगळं सांगितलं. निकाल शेजाऱ्याच्या बाजूनं लागला. कारभारी बाहेर येऊन म्हणाले, "हारलो, पन वकील लावून हारलो न्हाई." हे वाक्य त्यांनी पुढं पंधरा वर्षं वापरलं.

"वकिलाला जे सांगायचं ते मी डायरेक जज्जालाच सांगतो," असं त्यांचं म्हणणं. "मधी मानूस कशाला?"

पेठेतून दूध डेअरीकडं जाताना डाव्या हाताला कारभारींचे तीन गाळे. पहिल्यात पिठाची गिरणी, तिसऱ्यात खताचं दुकान, आणि मधला, सगळ्यांत मोठा, ज्याला मागं मोरी आणि नळ, तो राधाकृष्ण बारहातेकडं. राधाकृष्णची 'मंजुळा साउंड सर्व्हिस'. लग्न, जागरण, वाढदिवस, निवडणूक, दहावा, जिथं आवाज लागेल तिथं राधाकृष्णचे कर्णे. एक्क्याऐंशी सालापासून तो तिथं होता. कारभारींचा रविराज दहावी पास झाला तेव्हा त्याचाच माईक आणि रविराजच्या वरातीलाही त्याचाच. रोज सकाळी तो गाळ्याच्या दारात मशीन लावून बघायचा आणि समोरून कारभारी येताना दिसले की कर्ण्यातून आवाज यायचा, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री, मालक आले."

आता कंपनीचं कसं झालं ते सांगायला पाहिजे.

साल त्र्याण्णव. त्या सालात ज्याला त्याला कंपनी काढायची होती. रविराज नगरहून बी.कॉम. होऊन आला तो सी.ए.कडून एक कागद घेऊनच आला. गाळे कंपनीच्या नावावर केले म्हणजे असं होतं, तसं होतं, पुढं वाटण्यांची भानगड राहत नाही, बँक उभं करते, असं त्यानं तासभर समजावलं. कारभारींना त्यातलं एकच पटलं. गाळ्यांवर मोठा बोर्ड लावता येतो. 'रतनकार इस्टेट्स प्रायव्हेट लिमिटेड.' रतनबाईंचं रतन आणि कारभारींचं कार.

नवरा-बायको दोघं डायरेक्टर. फॉर्म भरायला सी.ए.चा कारकून घरी आला तेव्हा कारभारी उद्घाटनाच्या मांडवाच्या बल्ल्या मोजायला बाहेर गेले होते. कारकुनानं विचारलं, "अध्यक्ष कोण?" रतनबाई पोहे परतत होत्या. त्या म्हणाल्या, "लिवा माझंच. फॉर्म मोकळा कशाला सोडायचा?" कारकुनानं लिहिलं, पोहे खाल्ले आणि गेला. ही गोष्ट रतनबाई विसरल्या आणि कारभारींना कधी कळलीच नाही.

उद्घाटनाला माईक राधाकृष्णचा. तोही फुकट. दिवसभर त्यानं गावाला ऐकवलं, "सोनईतली पहिली प्रायव्हेट लिमिटेड! या तिन्ही गाळ्यांची मालक आता रतनकार कंपनी! सर्वांनी पेढ्याचा लाभ घ्यावा!" कंपनीला कारखाना नव्हता, भोंगा नव्हता, कामगार नव्हते. एक फाईल होती, एक गोल शिक्का होता आणि एक बोर्ड होता. फाईल आणि शिक्का रतनबाईंनी डब्यांच्या फळीवर ठेवला. कारभारी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे भाडं घ्यायला गेले, नेहमीसारखी पावती फाडली आणि नेहमीसारखी खाली सही केली. नुसतं 'कारभारी'. आडनाव लिहायची त्यांना सवय नव्हती. सोनईत गरजही नव्हती.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात रविराजचं लग्न झालं. सून राजनंदिनी दातांची डॉक्टर. पुण्याला शिकलेली, पण वळणाची. रोज पहिल्या एस.टी.नं नगरला जायची, दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करायची आणि दिवेलागणीला परत यायची. पुण्यात तिचे एक सर होते. ते तीन वर्षांनी काम थांबवणार होते आणि आपला दवाखाना तिला चालवायला देणार होते. हे तिनं लपवलं नाही. एका रविवारी ती सासऱ्यांना म्हणाली,

"मामा, मला पुण्याला जायची हौस नाही. पण दवाखान्याला पाणी लागतं आणि पुढची जागा लागते. मधला गाळा मिळाला तर मी इथंच बसते. नाहीच मिळाला, तर अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला आम्ही दोघं पुण्याला जाऊ. सरांना मी तेवढी मुदत दिलीय."

ती रागानं बोलली असती तर कारभारींना सोपं गेलं असतं. ती शेंगा निवडता निवडता बोलली. कारभारींनी हिशेब केला. पोरगा एकुलता एक. तो गेला म्हणजे घरात डबे, शिक्का आणि दोघं म्हातारी.

ते उठून राधाकृष्णकडं गेले.

"राधा, गाळा पायजे."

"कुनाला, मालक?"

"सुनंला. दवाखाना टाकायचाय."

"टाका की. गिरनीत टाका."

"गिरनीत? दातात पीठ जाईल लोकांच्या."

"मालक, माझं ऐका," राधाकृष्ण म्हणाला, "चौदा वर्सं झाली मला हितं. लोकांना पत्ता पाठ झालाय. आता लग्नसराईत मी कर्णे डोक्यावर घेऊन फिरू का? तुमी कोर्टात जा, म्हंजे मला बी सांगता येईल घरी, की मी आपनहून उठलो न्हाई."

यात वाईट वाटण्यासारखं दोघांनाही काही दिसलं नाही. कारभारींनी पेनाचं झाकण काढलं आणि फुलस्केपवर दावा लिहिला. 'मी, कारभारी एकनाथ येळवंडे, सदर गाळ्याचा मालक असून...' 'मालक' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

नेवाशाला जायला सोयीची एस.टी. नव्हती. राधाकृष्णकडं एम-एटी होती. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीवर जायचे. कारभारी मागं, मांडीवर दाव्याची पिशवी. वाटेत घोडेगावला चहा. चहा एकदा हा पाजायचा, एकदा तो. कोर्टाच्या फाटकाशी पोचले की कारभारी खाली उतरायचे आणि म्हणायचे, "आता हितून पुढं वळख न्हाई."

"न्हाई," राधाकृष्ण म्हणायचा. आणि गाडी लावून वेगळ्या दारानं आत जायचा. त्यानं मात्र वकील लावला होता. काळा कोट जुना होऊन थोडा तांबूस पडलेला, असे ते पोक्त वकीलसाहेब होते. बोलायचे कमी.

चार-पाच तारखा अशाच गेल्या. शहाण्णवच्या उन्हाळ्यात एकदाचे कारभारी बोलायला उभे राहिले. त्यांनी गाळा कधी बांधला तिथून सुरुवात केली. विटा कुठल्या, गवंडी कोण, हे सांगून ते पायापर्यंत आले होते, तेवढ्यात वकीलसाहेब उठले, एक उतारा पुढं ठेवला आणि बसले.

न्यायाधीशांनी उतारा वाचला. चष्मा काढला.

"येळवंडे, गाळा तुमचा आहे?"

"व्हय साहेब."

"या कागदावर रतनकार कंपनी मालक आहे."

"त्ये बी मीच."

"तुम्ही कंपनी आहात?"

"व्हय."

"तुम्ही माणूस आहात."

"व्हय," कारभारी म्हणाले. हेही त्यांना मान्य होतं.

न्यायाधीश समजूतदार होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, कायद्यानं कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती. तुम्ही वेगळे, ती वेगळी. भाडेकरू तिचा आहे, तुमचा नाही. दावा तिनं घालायचा."

कारभारींनी मागं वळून पाहिलं. बाकावर राधाकृष्ण आणि एक पोलीस होता.

"घालंल की साहेब. तिच्या वतीनं मी बोलतो."

"सही तुम्ही करू शकता, डायरेक्टर आहात. साक्ष देऊ शकता. पण कोर्टात उभं राहून बोलायचं तर, स्वतःसाठी कुणालाही बोलता येतं. दुसऱ्यासाठी बोलायला सनद लागते. कंपनीला स्वतःला तोंड नाही. तिला वकील लावावा लागेल."

"आन न्हाई लावला तर?"

"तर ती गप्प बसेल," न्यायाधीश म्हणाले, "आणि गाळा आहे तिथं राहील. दावा काढून घ्या, कंपनीच्या नावानं नव्यानं घाला."

परतीच्या वाटेवर घोडेगावला चहाची पाळी कारभारींची होती. ते विसरले. राधाकृष्णनंच दिले पैसे. सुटी नाणी मोजून खिशात टाकली. मग राधाकृष्ण म्हणाला,

"मालक, राग मानू नका. कंपनीचं मला म्हाईत हुतं. म्याच तर माईकवर सांगितलं हुतं."

"मालक म्हनू नको," कारभारी म्हणाले. "कोर्टानं सांगितलंय."

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण राधाकृष्णनं एम-एटी दारात थांबवून रतनबाईंना सगळं सांगितलं होतं. प्रतिवादीनं वादीच्या घरी निकाल पोचवल्याची ही सोनईतली पहिलीच वेळ असावी. कारभारींनी तीन दिवस पेनाचं झाकण काढलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "वकील लावायचा न्हाई. कंपनी मोडू, आन मग मी बोलतो." रविराजनं सी.ए.ला फोन केला. कंपनी काढायला जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट मोडायला लागतो, असं उत्तर आलं. सकाळची एस.टी. चुकू नये म्हणून राजनंदिनी डबा भरत होती. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तिनं एकदा पाहिलं. ते कारभारींना दिसलं.

पुढच्या रविवारी यशोधरा साळवे घरी आली. रविराजच्या वर्गातली मुलगी. बाप भीमराज साळवे साखर कारखान्यात फिटर होता. त्यानं डबल ड्युट्या करून तिला एल.एल.बी. केलं होतं. ती नेवाशाच्या कोर्टात काम करायची. तिला रतनबाईंनी बोलावलं होतं.

"काकी, आधी ठराव लागेल," यशोधरा म्हणाली. "कंपनीनं मीटिंग घेऊन लिहून द्यायचं, की आम्ही वकील लावतो आणि कागदांवर सही करायला, साक्षीला अमुक माणूस देतो."

"घेऊ मीटिंग," रतनबाई म्हणाल्या. "भाकरी हुत्यात तवर बसा."

मीटिंग स्वयंपाकघरात झाली. डायरेक्टर दोनच. एक चुलीपाशी, एक पाटावर. यशोधरानं वही उघडली.

"ठराव असा, की कंपनीनं वकील लावावा. बाजूनं?"

रतनबाईंनी पीठ लागलेला हात वर केला.

"विरुद्ध?"

कारभारींनी हात वर केला. "वकील लावायचा न्हाई. तीस वर्सं बोललो मी त्या कोर्टात."

"लिंबाचं काय झालं?" रतनबाईंनी तव्याकडं बघत विचारलं.

"त्यो विषय मीटिंगीत न्हाई," कारभारी म्हणाले.

"मतं सारखी पडली," यशोधरा म्हणाली. "अशा वेळी कंपनीच्या नियमात अध्यक्षांना एक जादा मत असतं."

"झालं तर मग," कारभारी सैल बसले. "अध्यक्ष मीच. माझं मत विरुद्ध."

यशोधरानं फळीवरची फाईल मागितली. आतला फॉर्म काढला. वाचला. पुन्हा वाचला. मग तिनं तो कारभारींच्या पुढं धरला. अध्यक्ष: सौ. रतनबाई येळवंडे.

कारभारींनी फॉर्म उजेडात नेला. मागून पाहिला. "ह्ये कवा झालं?"

"तुमी बल्ल्या मोजत हुता," रतनबाई म्हणाल्या. त्यांना आत्ता आठवलं. "मालक, माझं जादा मत वकिलाला."

कारभारींनी फॉर्म परत यशोधराच्या पुढं सरकवला. यशोधरा खाली बघून ठराव लिहू लागली. लिहून झाल्यावर म्हणाली, "काकी, अध्यक्षांनी हा वाचून दाखवायचा आणि सही करायची."

रतनबाईंनी वही घेतली. चौथी शिकलेल्या. वाचता यायचं. "कंपनी असा ठराव करते की, वकील म्हणून यशोधरा भीमराज साळवे यांना, व कंपनीच्या वतीनं सही व साक्ष करण्यासाठी श्री..." आणि त्या थांबल्या.

"पुढं वाचा, काकी."

"वाचता येत न्हाई."

"स्पष्ट लिहिलंय की."

"अक्षर कळतंय गं. नाव हाय त्यांचं."

चुलीवरची भाकरी करपायला लागली. कारभारी पाटावर बसून वाट बघत होते. मत त्यांच्या विरुद्ध होतं, पण ठराव अडला तो त्यांच्याच नावावर, याचं त्यांना जरा समाधान वाटत होतं. ते फार टिकलं नाही. रतनबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या,

"कंपनीच्या शिक्क्याला शाई लावली काळी,
कारभारीरावांचं नाव घेते ठरावाच्या वेळी."

यशोधरानं तेही वहीत लिहून घेतलं. ठरावात काही गाळायचं नसतं, असं तिचं मत होतं. तो कागद पुढं कोर्टात दाखल झाला, शिक्क्यासकट.

कंपनीचा दावा सत्त्याण्णवच्या सुरुवातीला बोर्डावर आला. दिवाळ्या दोन उरल्या होत्या. यशोधरा नेटानं तारखा घ्यायची. वादी आणि प्रतिवादी पहिल्यासारखेच एम-एटीवरून जायचे; फक्त आता वादी कारभारी नव्हते, त्यामुळं फाटकाशी ओळख तोडायची की नाही हा प्रश्न पडला. कारभारींनी विचार करून सांगितलं, "वळख ठिव. भांडन कंपनीचं हाय."

राधाकृष्णच्या वकीलसाहेबांनी मात्र आता उलटा डाव टाकला. पहिल्या दाव्यात ते म्हणाले होते, मालक कंपनी आहे. आता म्हणाले, आमचा अशील कुठल्या कंपनीला ओळखत नाही. तो भाडं कारभारी येळवंडे यांना देतो, पावत्यांवर सह्या त्यांच्या आहेत, कंपनीचं नाव कुठं नाही. शिवाय कंपनीला दवाखाना कशाला?

यशोधरानं कारभारींना ओसरीवर बसवून तयारी करून घेतली. "काका, ते तुम्हाला एकच गोष्ट बोलायला लावणार. तुम्ही 'मी मालक' म्हणालात की दावा संपला. पुन्हा एक वर्ष जाईल. वर्ष आपल्याकडं नाही."

"मग काय म्हनू?"

"खरं ते. मालक कंपनी."

कारभारींनी ते वाक्य गोठ्यात म्हणून पाहिलं. म्हशीला ऐकवलं. म्हशीनं ऐकून घेतलं, पण त्यांना स्वतःला ते नीट जमेना. 'मालक कंपनी' म्हणायला तोंड उघडलं की सवयीनं 'मी' आधी बाहेर यायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये साक्ष लागली. कारभारी पिंजऱ्यात उभे राहिले. वकीलसाहेबांनी कोट सारखा केला.

"येळवंडे, कंपनीला सून असते का?"

"न्हाई."

"दात?"

"न्हाई."

"मग दातांचा दवाखाना कंपनीला कशाला हवा?"

कारभारींनी यशोधराकडं पाहिलं. तिनं कंपनीच्या घटनेची पानं पुढं ठेवली. सी.ए.नं ती कुठल्यातरी मोठ्या कंपनीवरून उतरवून घेतली होती. त्यात रतनकार इस्टेट्सला जहाजं चालवायला, चहाचे मळे घ्यायला, हिरे परदेशी पाठवायला आणि खाणी खोदायला परवानगी होती. सत्तेचाळिसाव्या कलमात 'रुग्णालये व दवाखाने चालविणे' होतं. न्यायाधीशांनी सगळी कलमं वाचली.

"जहाजांचं काही सुरू केलंय का?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई साहेब. प्रवरेला पानी कमी हाय," कारभारी म्हणाले. "दवाखान्यापासनं सुरवात करतो. सून पगारी डॉक्टर ऱ्हाईल कंपनीची. तसा ठराव झालाय. भाकरीच्या वेळंला."

वकीलसाहेबांनी पावत्यांचा गठ्ठा उचलला. आता आवाज मऊ केला. "बांधकाम तुमचं. घाम तुमचा. सगळी सोनई तुम्हाला काय म्हणते हो?"

"मालक."

"बायको काय म्हणते?"

"मालक."

"बरोबर. मग शपथेवर सांगा, गाळ्याचे मालक कोण?"

कोर्टात पंखा कुरकुरत होता. कारभारींच्या डोळ्यांपुढून विटा गेल्या, गवंडी गेला, पाया गेला. लिंबाच्या दाव्यात ज्यांनी पाऊण तास घेतला त्यांना इथं एकच शब्द बोलायचा होता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. कॅलेंडर आठवलं.

"कंपनी," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"कारभारी."

"मी नाव नाही विचारलं. हुद्दा विचारला."

"त्योच," कारभारी म्हणाले. "मी मालक न्हाई. कारभारी."

न्यायाधीशांनी मान वर केली. यशोधरानंही केली. आठवडाभर तिनं घेतलेल्या तयारीत हे नव्हतं. दुपारनंतर राधाकृष्ण पिंजऱ्यात आला तेव्हा तिनं त्याच्याच गठ्ठ्यातली एक पावती त्याच्या हातात दिली.

"खाली काय लिहिलंय?"

"कारभारी."

"आडनाव?"

"न्हाई. नुसतं कारभारी."

"तुम्ही गावात सूत्रसंचालन करता. शब्दांची माहिती तुम्हाला. कारभारी म्हणजे काय, कोर्टाला सांगता?"

राधाकृष्णला चार माणसांत काही विचारलं की राहवत नसे. वकीलसाहेब उठायच्या आत तो खणखणीत आवाजात म्हणाला, "कारभारी म्हंजे जो मालकाचा कारभार बघतो तो!"

"म्हणजे स्वतः मालक नव्हे?"

"स्वतःच मालक असंल तर कारभारी कशाला म्हनतील?"

"आणि या गाळ्याची मालक कंपनी आहे, हे गावाला माईकवरून कुणी सांगितलं?"

राधाकृष्णनं वकीलसाहेबांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते. "म्याच," तो म्हणाला. "पन त्यो कार्यक्रम फुकट केला हुता."

न्यायाधीशांनी सगळं उतरवून घेतलं.

पोळ्याच्या आधी निकाल लागला. कंपनीची गरज खरी, पावत्या कंपनीच्या कारभाऱ्यानं दिलेल्या, गाळा दोन महिन्यांत मोकळा करावा. यशोधरानं निकालाची नक्कल घरी आणून वाचून दाखवली. त्यात चौदा ठिकाणी 'कंपनीचा कारभारी' होतं. 'मालक' होतं ते प्रत्येक ठिकाणी कंपनीला. कारभारींनी नक्कल स्वतः पुन्हा मोजली. चौदाच.

"दावा जिंकला तुमी, दादा," रविराज म्हणाला.

"मी न्हाई. कंपनी," कारभारी म्हणाले आणि गोठ्यात गेले.

राधाकृष्णला वकीलसाहेबांनी नगरला अपील करायला सांगितलं. त्यानं विचार केला आणि नको म्हणाला. एम-एटी नगरपर्यंत डबलसीट ओढत नव्हती, आणि कारभारींना सोडून एकट्यानं तारखेला जायचं त्याला बरं वाटेना. बाजारतळाजवळ त्याला दुसरी जागा मिळाली. कर्णे हलवायला कारभारी स्वतः गेले. शेवटचा कर्णा गाडीवर चढवताना राधाकृष्ण म्हणाला, "गाळा गेला त्याचं काय न्हाई. पन मी असं बोलायलाच नको हुतं तिथं."

"तू कवा गप बसलायस?" कारभारी म्हणाले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मधल्या गाळ्यात खुर्ची बसली. पुण्याच्या सरांना राजनंदिनीनं नको म्हणून पत्र लिहिलं आणि सासऱ्यांकडून ते पेटीत टाकून घेतलं. उद्घाटनाला माईक अर्थातच राधाकृष्णचा. त्यानं सकाळी दारात मशीन लावली, समोरून पांढरी टोपी येताना पाहिली आणि कर्ण्यातून आवाज आला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री..." पुढं जरा खरखर झाली. "...आले."

पहिला पेशंट कोण असावा यावरून घरात चर्चा व्हायची वेळच आली नाही. पेढ्यातला कडक भाग चावताना कारभारींची दाढ ठणकली आणि दुपारपर्यंत गाल फुगला. तोंड धड उघडेना. रतनबाई त्यांना घेऊन गाळ्यात गेल्या. आत राजनंदिनी हत्यारं उकळत होती. टेबलाशी कडूबाई नावाची नवी मुलगी होती, शिंगणापूर रस्त्याच्या वस्तीवरची, कामावर पहिला दिवस. तिला घरातलं कुणी माहीत नव्हतं. तिनं नवा केसपेपर काढला.

"पेशंटचं नाव?"

कारभारींनी गालावर हात दाबून रतनबाईंकडं पाहिलं. रतनबाईंनी कारभारींकडं पाहिलं. ठरावाला एकदा उखाणा घेतला तेवढा पुष्कळ झाला, असं त्यांचं मत होतं.

"नाव सांगा ना, काकी. मागं लोक थांबल्यात."

"मालक," रतनबाई म्हणाल्या.

कडूबाईनं लिहिलं. नाव: मालक.

"धंदा काय करतात?"

या वेळी कारभारींनी गालावरचा हात काढला. दाढ ठणकत होती, जीभ वळत नव्हती, तरी त्यांनी तो शब्द सबंध उच्चारला.

"कारभारी."

कडूबाईनं तेही लिहिलं, कागद आत दिला आणि पुढच्याला हाक मारली.